‘फवारणी करावी’ : शास्त्रज्ञांच्या मराठीची एक तपासणी

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात काही वर्षांपूर्वीपर्यंत दोन पुड्या निघत. एक मोठी, ४५० ग्रॅमची, बीटी बियाण्याची. दुसरी छोटी, १२० ग्रॅमची, बिगर-बीटी. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात मृगाच्या तोंडावर ही पाकिटे घरोघर फुटत. मोठी पुडी शेतात जाई; छोटी ओसरीच्या कोनाड्यात, गोठ्याच्या आढ्याला, नाहीतर सरळ उकिरड्यावर. एका वर्षी मी चुलत्यांना विचारले, “आबा, ही कामून नाही लावली?” मास्तर झाला तरी याला काही कळेना, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “ते नराचं असतंय. आपल्याला काय प्लॉट घ्यायचाय का?”

हे उत्तर चुकीचे होते, पण अडाणीपणाचे नव्हते. जालना जिल्ह्यात शेतकरी नुसते ‘प्लॉट’ म्हणाला की तो बीजोत्पादनाचा प्लॉट. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, तिच्यामागून इतर कंपन्या आल्या, आणि संकरित बियाणे तयार करण्याची विद्या या भागातल्या रानांत आणि मजूर बायांच्या बोटांत मुरली. कपाशीच्या प्लॉटात मादीच्या झाडाची उद्या उमलणारी कळी दुपारनंतर सोलतात, तिचे पुंकेसर काढून टाकतात, खुणेला दोरा नाहीतर कागद लावतात आणि दुसऱ्या सकाळी नराचे फूल आणून तिच्यावर फिरवतात. नराचे बियाणे वेगळे मिळते, थोडे असते, त्याचा पट्टा वेगळा असतो. ज्याने हे वर्षानुवर्षे पाहिले आहे त्याच्या हातात मोठ्या पुडीसोबत एक छोटी पुडी आली, आणि ती कडेच्या ओळींत वेगळी लावा असे बारीक अक्षरात छापलेले असले, तर तो काय समजेल? आबांनी आपल्याजवळच्या ज्ञानावरून अनुमान काढले. अनुमानाची रीत शास्त्रीयच होती. खोट मजकुरात होती.

प्रस्तुत लेख त्या मजकुराविषयी आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवले. कथा, कादंबरी, कविता यांच्या भाषेची चिकित्सा केली आणि करायला लावली. पण बियाण्याची पुडी, औषधाच्या बाटलीसोबतची घडीपत्रिका, कृषी विभागाचे पत्रक, हवामानावर आधारित कृषी सल्ला, ‘माझं घर माझं शेत’मधले भाषण, हे सगळेही मराठी गद्यच आहे आणि कोणत्याही कादंबरीपेक्षा ते आमच्या जिल्ह्यात जास्त हातांत जाते, हे माझ्या लक्षात यायला निवृत्तीपर्यंत थांबावे लागले. गेली काही वर्षे असे कागद मी जमवत आलो आहे. घरातले त्याला रद्दी म्हणतात. शास्त्रज्ञांनी लोकांशी कसे बोलावे याविषयी व्याख्याने पुष्कळ होतात. ते प्रत्यक्षात काय आणि कसे लिहितात याची वाक्यावाक्याने तपासणी मात्र मराठीत फारशी होत नाही. समीक्षकाला येण्याजोगे तेवढे एकच काम आहे, म्हणून ते करतो.

या गद्याचे पहिले लक्षण असे, की त्यात माणूस नसतो. ‘फवारणी करावी’, ‘पेरणी करण्यात यावी’, ‘प्रादुर्भाव आढळून आल्यास उपाययोजना करावी’. शाळेत आपण याला विध्यर्थ म्हणतो. मराठीतला हा मोठा लवचीक अर्थ. ‘पाऊस यावा’ यात इच्छा आहे, ‘जरा बसावे’ यात आर्जव आहे, ‘आईबापांना सांभाळावे’ यात कर्तव्य आहे. पत्रकातला विध्यर्थ यांपैकी काहीच नाही. त्यातून कर्ता काढून घेतलेला असतो आणि कारणही. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, आणि न केले तर काय होईल, या तिन्ही गोष्टी गाळून जे उरते ते शासनाच्या परिपत्रकासारखे वाजते. शेतकरी परिपत्रकाला जसा वागवतो तसाच मग त्यालाही वागवतो.

‘आढळून आल्यास’ या दोन शब्दांत तर एक आख्खे शास्त्र गडप झालेले आहे. किती आढळले म्हणजे आढळले? कीटकशास्त्राने याचे फार सुंदर उत्तर शोधून ठेवले आहे. कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावायचे आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी औषध घ्यायचे. त्याआधी घेतले तर औषधाचा खर्च वाचणाऱ्या कापसापेक्षा जास्त होतो. म्हणजे थोडी अळी शेतात राहू द्यायची, कारण ती मारणे परवडत नाही. यातले तत्त्व शेतकऱ्याच्या रोजच्या हिशेबातले आहे: अळीने खाल्लेला कापूस महाग की बाटली महाग? पण पत्रकात ते ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास’ असे येते. पातळी ओलांडणे म्हटले की आपल्याकडे नदी आठवते. पूर येण्याच्या आत जो तो पंप पाठीवर घेतो.

‘कामगंध सापळा’ हा शब्द मात्र ज्याने घडवला त्याला माझा नमस्कार. फेरोमोन हा शब्द आहे तसा ठेवता आला असता, किंवा ‘लैंगिक आकर्षक रसायन’ असे काहीतरी करता आले असते. त्याऐवजी ‘काम’ आणि ‘गंध’ हे दोन जुने शब्द जवळ आणले आणि सापळ्यात नेमके काय चालले आहे ते शब्दातच सांगून टाकले. मादीचा वास दाखवून नराला फसवायचे. ही गोष्ट एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. असे शब्द या गद्यात थोडे आहेत, पण आहेत.

आता खताकडे वळू. कृषी विद्यापीठाची शिफारस नत्र, स्फुरद, पालाश यांत असते आणि ती हेक्टरी असते. समजा शिफारस हेक्टरी १२०:६०:६० किलो अशी आहे. मराठवाड्यात हेक्टर सातबाऱ्यावर असतो. शेतात एकर आणि गुंठे असतात. दुकानात नत्र मिळत नाही, युरिया मिळतो. स्फुरद मिळत नाही, डीएपी मिळते, आणि डीएपीत स्फुरदाबरोबर नत्रही असते. म्हणजे आधी सगळे अडीचने भागायचे (खरे तर २.४७ने). मग स्फुरदाच्या २४ किलोंसाठी, डीएपीत ते ४६ टक्के असते म्हणून, सुमारे ५३ किलो डीएपी काढायचे. त्यातून आलेले साडेनऊ किलो नत्र वजा करायचे. उरलेल्या ३९ किलोंसाठी ४६ टक्क्यांचा युरिया ८५ किलो. पालाश ६० टक्के असलेले पोटॅश ४० किलो. एवढे सगळे झाल्यावर जे वाक्य हाती येते ते असे: एकरी डीएपी एक पोते, युरिया दोन पोत्यांना जरा कमी, पोटॅश पाऊण पोत्याच्या थोडे वर, युरिया एकदम टाकू नका, दोन-तीनदा विभागून द्या. हे वाक्य छापायला १२०:६०:६० पेक्षा एक ओळ जास्त लागते. ती ओळ पत्रकात क्वचितच असते.

ती ओळ कोण बोलतो? कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. शास्त्रज्ञ जिथे थांबतो तिथून तो बोलू लागतो, आणि त्याची भाषा निर्दोष असते: “दोन पोते हे घ्या, एक ते घ्या, आन् ही बाटली संगट मारा.” त्यात कर्ता आहे, एकर आहे, पोते आहे, उधारीची सोय आहे. मी दुकानदारांना दोष देत नाही. त्यांतले कितीतरी शहाणे आणि शेतकऱ्याला सांभाळून घेणारे आहेत. सरकारनेही त्यांची ही भूमिका ओळखून त्यांच्यासाठी कृषी विस्ताराचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम काढला. पण विज्ञानाचा भाषांतरकार तोच आणि बाटलीचा विक्रेताही तोच, अशी व्यवस्था आपण केवळ एका न लिहिलेल्या ओळीपायी पत्करली आहे, हे म्हटलेच पाहिजे. नत्र, स्फुरद, पालाश हे आपल्या परिभाषाकारांनी मोठ्या मेहनतीने दिलेले शब्द. कानाला चांगले आहेत. परीक्षेत आणि पत्रकात ते जिवंत आहेत. गल्ल्यावर “दहा-सव्वीस-सव्वीस द्या” हीच भाषा आहे.

बाटलीचे आणखी एक. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत चौकट असते. लाल सर्वांत विषारी, मग पिवळी, मग निळी आणि सर्वांत कमी विषारी हिरवी. रंगांची ही उतरंड कोणी समजावून दिली नसेल तर हिरवा रंग आपल्याला काय सांगतो? पिकाचा रंग, चांगुलपणाचा रंग, ‘चला’ म्हणणारा सिग्नल. हिरव्या चौकटीतही विषच आहे हे सांगायला त्या खुणेजवळ शब्द नाही. शब्द आहेत ते आत घडी केलेल्या कागदावर, अनेक भाषांत, मुंगीच्या अक्षरात. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा त्यांनी हातमोजे का घातले नाहीत असे विचारणारे लेख बरेच आले. तो कागद कोणाला वाचता येईल असे विचारणारे थोडे.

नावांच्या बाबतीत या गद्याने केलेला घोळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण छोट्या पुडीचे रहस्य तिथेच आहे. हरभऱ्याचे घाटे पोखरते ती ‘घाटेअळी’. तुरीवर तिला ‘शेंगा पोखरणारी अळी’ म्हणतात, टोमॅटोवर ‘फळ पोखरणारी अळी’ आणि कपाशीवर ‘हिरवी’ किंवा ‘अमेरिकन बोंडअळी’. ही चार नावे एकाच किडीची आहेत. शास्त्रज्ञाला ते माहीत असते, कारण त्याच्याकडे तिचे लॅटिन नाव असते. पत्रके मात्र पीकवार निघतात. हरभऱ्याच्या पत्रकात घाटेअळी, कपाशीच्या पत्रकात बोंडअळी, आणि दोन्ही पत्रके एकाच घराच्या एकाच खिळ्याला टांगलेली. ज्या शेतकऱ्याने आजोबांपासून घाटेअळी पाहिली आहे, त्याला ‘तुमची ती जुनी ओळखीची बया हीच’ असे कोणी सांगत नाही.

उलट गुलाबी बोंडअळी निराळी कीड आहे, पण तिलाही दोन नावे. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘शेंदरी बोंडअळी’. २०१७ नंतर सर्वत्र ‘गुलाबी’ झाली, बहुधा ‘पिंक’चे शब्दशः भाषांतर म्हणून. शेंदरी म्हटल्यावर आबांनी चटकन ओळखली. “मंग हे काय नवं न्हाई. आमच्या लहानपणी डोमकळ्या तोडायला लावायचे.” डोमकळी म्हणजे अळीने आतून पाकळ्या शिवून टाकल्यामुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल. शिवारातली ही सर्वांत नेमकी खूण, आणि तिला शब्द शेतकऱ्याचाच आहे. चांगली पत्रके तो वापरतात.

आता पुडी. २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला देशात व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. पहिले तिन्ही वाण महिकोचे. मातीतल्या एका जिवाणूचे, बॅसिलस थुरिंजेन्सिसचे, जनुक कपाशीत घातले की झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करते. पण लाखो पतंगांत एखादा असा असतो की त्याला ते प्रथिन बाधत नाही. सगळीकडे बीटीच लावली तर बाकीचे मरतात आणि असे न मरणारे एकमेकांशी जोडा जमवतात; त्यांची पिल्लेही न मरणारी. शेजारी थोडी साधी कपाशी असेल तर तिच्यावर साधे पतंग भरपूर जगतात, न मरणाऱ्याची गाठ त्यांच्याशीच पडते आणि होणारी पिल्ले बहुतेक मरणारी निघतात. त्यासाठी एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेच्या पाच ओळी साध्या कपाशीच्या. छोटी पुडी ती ही. मोठ्या पुडीचे आयुष्य वाढवणारी.

वरचा परिच्छेद मी आमच्या गावातल्या, प्लॉटात वीस वर्षे कळ्या सोलणाऱ्या एका मावशींना वाचून दाखवला. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी थांबवले. “म्हणजे नर बदलायचा. वाईट नराशी गाठ पडू द्यायची न्हाई, चांगले नर बाजूला ठेवायचे. आम्ही रोज तेच करतोत की.” पुढचे मला वाचावे लागले नाही. आबांचा ‘नर’ हा शब्द सत्यापासून किती जवळ होता आणि किती दूर, हे तेव्हा ध्यानात आले. नर झाडाचा नव्हता, पतंगाचा होता. कोणी एका वाक्यात एवढे सांगितले असते तर?

सांगितले गेले ते असे: ‘रेफ्युजी’. काही पत्रकांत ‘आश्रय पीक’, काहींत ‘आश्रित ओळी’. कोणाला आश्रय? किडीला. ज्या किडीला मारण्यासाठी पैसे मोजले तिलाच आश्रय द्या, असे कारण न देता सांगणारे वाक्य कोणताही शहाणा माणूस बाजूला ठेवील. त्यात घाटेअळीचे चार नावांत विखुरणे. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो ही आयती माहेरे होती; तिच्यासाठी पुडी टाकून दिली तरी काही काळ निभावले. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी पुडी हेच एक माहेर होते, आणि ते उकिरड्यावर गेले. कोणती अळी कुठे कुठे जेवते हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट कळणे अशक्य, आणि ते सांगायला अळीचे नाव एक हवे.

२०१० साली गुजरातेतल्या गुलाबी अळीने पहिल्या पिढीच्या बीटीला दाद दिली नाही हे जाहीर झाले. २००६ साली आलेली दोन जनुकांची दुसरी पिढीही पुढे हरली. २०१७चा खरीप आमच्या बाजूला बोंडे फोडून पाहण्यात गेला. सरकी पोखरलेली, रुई पिवळी. त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी तक्रारीचे ‘जी फॉर्म’ भरले. पंधरा वर्षांच्या एकतर्फी मजकुराला शेतकऱ्याने दिलेले ते पहिले लेखी उत्तर, तेही सरकारी नमुन्यात.

सगळा दोष भाषेचा होता असे मी म्हणणार नाही. पुडी लावली असती तर तेवढ्या ओळींत औषध जास्त लागले असते. पाच एकरवाल्याला ते जड होते. फरदड घेऊ नका असे सांगणारी पत्रके कारणासकट आणि चांगल्या मराठीत असतात, तरी पाणी असलेला माणूस मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवतो, कारण वेचणीला चार पैसे सुटतात. तिथे वाक्यरचना सुधारून भागत नाही. पण कारण कळून न करणे आणि कारण न कळता न करणे यांत फरक आहे. पहिल्याशी वाद घालता येतो.

भाषांतराने पक्ष घेतल्याचा एक नमुना जालन्याशीच निगडित आहे. ‘जेनेटिकली मॉडिफाइड’ यासाठी मराठीत रूढ झालेला शब्द ‘जनुकीय सुधारित’. मॉडिफाय म्हणजे बदल करणे. तो बदल सुधारणा आहे की नाही हाच तर वादाचा मुद्दा होता. शिवाय शेतीच्या मराठीत ‘सुधारित वाण’ या शब्दाला आधीच वेगळा, चांगला अर्थ होता: बदनापूरच्या संशोधन केंद्राने निवडीने आणि संकराने काढलेली तूर, उदाहरणार्थ. तो सगळा विश्वास या नव्या शब्दाने विचारल्याशिवाय उसना घेतला. महिकोचे संशोधन केंद्र जालन्याजवळच्या दावलवाडीला आहे. बीटी वांगे याच कंपनीचे. १४ ऑक्टोबर २००९ रोजी तज्ज्ञ समितीने त्याला मान्यता दिली. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशाने तेच वांगे २०१३ मध्ये स्वीकारले. निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे नको. ज्यांना शब्द ‘सुधारित’ मिळाला आणि ज्यांना तो ‘विषारी’ असा पोहोचला, ते दोन गट एका सभागृहात पहिल्यांदा भेटले ते सुनावणीच्या दिवशी. वांग्यावर संशोधन चालू होते त्या वर्षांत एकही ‘सुनावणी’ झाली नव्हती. ऐकण्याची पहिली पाळी भांडणानंतर आली की जे होते तेच झाले.

हवामानखात्याच्या गद्याविषयी थोडे. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात ललित वाक्यासारखे वाचतो. ते पारिभाषिक आहे. तुरळक म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर; ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के; त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत. या पायऱ्या किती वाचकांना ठाऊक आहेत? बातमीदारांनाही बहुधा नसाव्यात, कारण मथळ्यात सगळ्याचे ‘मराठवाड्यात पावसाचा इशारा’ होते. चोवीस तासांत सुमारे ६५ मिलिमीटर पडला तर महसूल खात्याच्या कागदावर ती ‘अतिवृष्टी’ आणि हवामानाच्या बातमीत ‘मुसळधार’. त्याच्या वरची पायरी तिथे ‘अति मुसळधार’. एका आकड्याला दोन खात्यांचे दोन शब्द, आणि भरपाई एकाच शब्दाला.

२०१७च्या जुलैमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामानखात्याविरुद्ध तक्रार दिली: अंदाजावर विसंबून पेरणी केली, पाऊस आला नाही, बियाणे-खत कंपन्यांशी संगनमत आहे. शहरी वाचक त्यावर हसला. पण त्या जूनमधला अंदाज देशाच्या सरासरीच्या ९८ टक्क्यांचा होता, चार टक्के इकडेतिकडे धरून. हंगामअखेर देशाचा आकडा ९५ टक्के आला. म्हणजे खाते आपल्या भाषेत बरोबर होते आणि आनंदगाव आपल्या शेतात बरोबर होते. ९८ टक्क्यांचे ते वाक्य माजलगावसाठी नव्हतेच, हे कोणी त्या वाक्यात लिहिले नव्हते. आमच्याकडे पेरणीचा निकष ‘वाफसा’ आहे. जमीन ना चिखल ना कोरडी, पाय ठेवला तर ठसा उमटावा पण चिकटू नये, अशी ओल. एका शब्दात मावलेले हे मृद्‌विज्ञान. ‘७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ हा कृषी सल्ला शास्त्रशुद्ध आहे, पण पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि वाफसा पायाखाली. दोघांची सांगड घालणारे एक वाक्य पुरेसे आहे, आणि काही सल्ल्यांत ते आता दिसू लागले आहे.

शास्त्रज्ञ आणि शेतकरी यांच्यातल्या या दरीला आपल्या मागासलेपणाचे कारण देण्याची सवय आहे. इंग्लंडातल्या कंब्रियाचे उदाहरण त्यावर उतारा आहे. १९८६ साली चेर्नोबिलचा किरणोत्सारी पाऊस तिथल्या डोंगरांवर पडला. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. शास्त्रज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांत सीझियम जमिनीत बांधले जाईल. ते गणित चिकणमातीचे होते. कंब्रियाच्या डोंगरावरची माती आम्लधर्मी आणि कुजट, तिथे सीझियम गवतातून मेंढीत आणि मेंढीतून पुन्हा गवतात फिरत राहिले. तीन आठवड्यांची बंदी पूर्ण उठायला २०१२ उजाडले. ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने त्या मेंढपाळांशी बोलून दाखवले, की कोणती कुरणे कशी आहेत, मेंढ्या कुठे चरतात, १९५७ साली जवळच्या अणुकेंद्रात लागलेल्या आगीनंतर काय झाले होते, हे सगळे त्यांना ठाऊक होते. कोणी विचारले नाही. ते मेंढपाळ इंग्रजी बोलणारे होते, शास्त्रज्ञही इंग्रजीच बोलणारे.

विचारणे ही गोष्ट जयंत नारळीकरांना कळली होती. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ पाठवणारे नारळीकर सर्वांना आठवतात. मला त्यांची दुसरी एक लकब जास्त मोलाची वाटते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तर सहीसकट येई. व्याख्यान देणारा शास्त्रज्ञ आणि पोस्टकार्डाची वाट पाहणारा शास्त्रज्ञ, हे दोन वेगळे लेखक आहेत. दुसऱ्याला ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी वाचावे लागते. तक्रार एवढीच, की मराठी विज्ञानसाहित्याने आपले उत्तम लेखक आकाशाला दिले आणि मातीला परिपत्रके.

आमच्या जिल्ह्यात पोस्टकार्डाच्या जातीचे काम झाले आहे ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राभोवती. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तिथे दर महिन्याला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. कागदावर त्या शास्त्राचे नाव ‘मूलस्थानी जलसंधारण’ वगैरे असते. गावात ते ‘माथा ते पायथा’ म्हणून गेले. डोंगराच्या माथ्यापासून सुरू करा, पायथ्याला शेवटी या. मधले सोडून खाली बंधारा बांधाल तर गाळ भरेल. पाण्याचे सगळे भौतिकशास्त्र तीन शब्दांत, आणि मराठी माणसाला तोंडपाठ व्हावे असे. पण नुसत्या घोषणेने कडवंची झाली नाही. शिवारफेरीत शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकाच गटात उभे राहिले. चर कुठून जाईल, बांध कोणाचा मोडेल, याची तिथेच बोलणी झाली. बोलणी म्हटली की दोन्ही बाजूंना ‘का’ विचारता येते. आज कडवंची द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी ओळखली जाते, हे वाचकांना ठाऊक असेलच.

कपाशीच्या पुडीबाबत विज्ञानाने वेगळा मार्ग काढला. अलीकडे बिगर-बीटी दाणे मोठ्या पुडीतच थोड्या प्रमाणात मिसळून येतात. वेगळी छोटी पुडी गेली. आता काही समजावून द्यायची गरज नाही आणि काही समजून घ्यायचीही. तांत्रिकदृष्ट्या तोडगा चांगला असेल. यंदा लागवडीच्या दिवशी मी गावात होतो. पाकीट फोडले, दाणे परातीत ओतले, माणसे ओळीने सरकी डोबत गेली. छोटी पुडी कुठे गेली, असे कोणी विचारले नाही. आबा असते तर त्यांनीही विचारले नसते. त्यांच्या लेखी ती नराची होती, आणि आम्हाला प्लॉट घ्यायचा नव्हता.